कॅमेरा बघायचे दिवस

माझ्या म्हाताऱ्याच्या गालावर लेन्सचं झाकण पडलं, तेव्हा मी वर्गाच्या दारात उभी राहून चकली खात होते. आवाज काही फार झाला नाही. पण रांगोळी काढणाऱ्याच्या कानाला तो बरोबर कळतो.

म्हातारा म्हणजे माझी त्या वर्षीची रांगोळी. मुंडासं बांधलेला, मिठागरात उन्हाने रापलेला, पाच फुटी म्हातारा. आमच्या जूचंद्रला दिवाळीत रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं. शाळेतले बाक बाहेर काढायचे, वर्गावर्गातल्या फरशीवर रांगोळ्या काढायच्या, पंखे बंद ठेवायचे आणि भोवती दोरी बांधायची. लोक दोरीबाहेरून बघतात. हा मात्र गळ्यात कॅमेरा अडकवून दोरीवरून अर्धा आत वाकला होता.

"सॉरी... उचलू का?" त्याने विचारलं.

"हात लावू नका. आणि तुम्ही आता श्वाससुद्धा बाहेर जाऊन घ्या."

तो खरंच बाहेर गेला! मला हसू आलं, पण राग टिकवायचा होता म्हणून मी तोंड फिरवलं. दोन विटांवर रांगोळीवरून आडवी फळी टाकली, तिच्यावर पालथी पडून झाकण अलगद उचललं, चहाच्या गाळणीतून थोडा थोडा रंग सोडत गाल पुन्हा भरून घेतला. तेवढा वेळ तो व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजांमागे चेहरा पाडून उभा होता. मी उठल्यावर म्हणाला, आता तर कळतसुद्धा नाही. मी म्हणाले, मला कळतं.

मग त्याने भीत भीत कॅमेरा पुढे केला. झाकण पडायच्या आधी काढलेला फोटो त्याला दाखवायचा होता. मी बघितला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हाताऱ्याच्या कातडीचा रंग मी जसा कालवला होता, तस्सा होता. माझ्या मोबाइलमध्ये ट्यूबलाइटखाली माझी सगळी माणसं निळसर पडायची, महिनाभर आजारी असल्यासारखी.

मला रांगोळी बाबांनी शिकवली. श्रीपत मास्तरांची रांगोळी म्हटलं की नायगावपासून वसईपर्यंत लोक बघायला यायचे. आमच्या रांगोळीवाल्यांच्या गटाचा नियम त्यांनीच घातला होता. प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी ज्याची रांगोळी त्यानेच पुसायची, आणि पुसताना रडायचं नाही. बाबांनी जन्मभर काढलं आणि जन्मभर पुसलं. ते गेले तेव्हा आम्ही घर धुंडाळलं, तर त्यांच्या रांगोळीचा एक धड फोटो सापडला नाही. एक होता, त्यात निम्मी रांगोळी आणि निम्मा कुणाचा तरी पाय. त्या दिवसापासून मला कॅमेरा हवा होता.

मी त्या झाकणवाल्याला तसं सांगितलं. नायगावच्या नव्या टॉवरांमध्ये वास्तुशांतीच्या रांगोळ्या काढून जमवलेले माझे पैसे किती, तेही सांगितलं. आकडा ऐकून त्याने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "नवा नाही होणार. जुन्यात बघू. माणिकपूरला वॉल्टर अंकलचं दुकान आहे, माझ्या ओळखीचं... येणार?"

त्याचं नाव विघ्नेश. लग्नाचे फोटो काढायचा. स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये आईवडिलांबरोबर राहायचा, मूळचा लांज्याकडचा. डोळे जरा जास्तच काळे होते. हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण मी कशाला कबूल करू?

वॉल्टर अंकलचं दुकान म्हणजे चर्चच्या गल्लीतला एक गाळा. काचेच्या कपाटात जुने कॅमेरे मांडलेले, आणि अंकल स्टुलावर बसून पिसाने लेन्सवरची धूळ झाडत असायचे. विघ्नेश पहिल्याच दिवशी एका छोट्या लेन्सच्या प्रेमात मला पाडायला निघाला. पन्नास एमएमची लेन्स. पुढेमागे न होणारी, पण अंधुक उजेडातही चेहरा असा उठावदार आणते, की बघत राहावं. तो तिच्याबद्दल इतकं गोड बोलत होता, की मला त्या लेन्सचा थोडा हेवा वाटला. अंकलनी त्याच्या भरवशावर कॅमेरा नि लेन्स दोन दिवस वापरून बघायला दिली.

मी घरी पडवीत त्याच म्हाताऱ्याचा चेहरा पुन्हा काढून ठेवला. विघ्नेश आला, त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि मी डोळा लावला. नाक दिसलं. नुसतं नाक.

"मागे सरक," तो म्हणाला. घाईत 'तुम्ही' गळून पडलं, ते मग पुन्हा काही आलं नाही.

"मागे कुठे सरकू? हा जमिनीवर झोपलाय. मागे म्हणजे वर!"

त्याने कपाळाला हात लावला. बिचाऱ्याने आयुष्यभर उभ्या माणसांचे फोटो काढलेले. नवरानवरी समोर उभी असतात, फोटोवाला चार पावलं मागे जातो. माझी माणसं झोपलेली, आणि त्यांच्यापासून लांब जायचं तर आभाळाकडेच जावं लागतं. मी खुर्चीवर चढले, तर एक डोळा वाढला. शेवटी शिडी आणली. मी शिडीवर, विघ्नेश शिडी धरून खाली, आणि अजून म्हाताऱ्याची हनुवटी बाहेरच.

आई मागच्या दाराने आली. आमच्याकडे बघून म्हणाली, "फोटो काडतंस का आंबं?" आणि विघ्नेशसमोर तांब्या धरून म्हणाली, "पानी पी रं. शिडी धरून घाम फुटला तुला."

घाम शिडीचा नव्हता, असं त्याने मला नंतर कधीतरी सांगितलं.

खाली उतरल्यावर मी विचारलं, की ही अंधुक उजेडाची लेन्स मला हवीच कशाला? त्याने समजावलं. उजेड कमी असला की साधी लेन्स वेळ घेते, आणि तेवढ्यात समोरचा हलला की फोटो पुसट येतो.

"पण माझा म्हातारा कुठे पळून जातोय?" मी म्हणाले.

तो हसत सुटला. खरं होतं. माझी माणसं हलत नव्हती. कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवला, तर साधी लेन्ससुद्धा हवा तेवढा वेळ घेऊ शकत होती. कॅमेऱ्याबरोबर जी फुकटात येते, जिला लग्नवाले नाक मुरडतात, ती जवळूनही सगळं रुंद दाखवणारी लेन्स, एक जुना कॅमेरा आणि एक तिकाटणं. माझ्या पैशात सगळं आरामात बसत होतं. म्हणजे निवड झाली होती, तिथेच पडवीत.

विघ्नेश लेन्सचं झाकण फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तरी पण... आणखी एकदोन बघायला हरकत नाही. ना?"

"बघूया ना," मी म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

मग आम्ही कॅमेरा बघत राहिलो. थंडी आली, खाडीवर सकाळचं धुकं उतरायला लागलं, मग उन्हाळ्यात वाड्यांमधून चाफ्याचा वास यायला लागला, आणि आम्ही कॅमेरा बघत होतो. एकाचं शटर फार वापरलेलं निघालं. एकाचं रबर सुटलेलं. एक चांगला होता, तर विघ्नेश म्हणाला, हा तुझ्या हाताला मोठा होईल, आणि खात्री करायला माझा पंजा त्याच्या पंजावर ठेवून बघितला. मोठा होत होता की नाही, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

लग्नं नसतील त्या दिवशी तो मला 'सराव' म्हणून मिठागरांकडे न्यायचा. अंकलकडून बघायला आणलेल्या कॅमेऱ्याने मी बगळ्यांचे फोटो काढायचे आणि तो त्याच्या कॅमेऱ्याने माझे. मी ओरडले की म्हणायचा, लेन्स तपासतोय. मी म्हणायचे, मग तपासून झाली की सांग, म्हणजे मी केस नीट करून घेईन. तो म्हणायचा, नको, असेच राहू देत. श्रावणात एकदा सर आली, तेव्हा कॅमेरा भिजू नये म्हणून त्याने शर्टात घातला आणि स्वतः चिंब भिजला. एका पत्र्याच्या शेडखाली आम्ही उभे होतो. पावसाचा आवाज एवढा होता, की काही बोलता येत नव्हतं. मला तर तो थांबूच नये असं वाटत होतं.

वॉल्टर अंकल आता आम्हाला बघितलं की आधी चहा सांगायचे. एकदा म्हणाले, "काय गं, आज पण बघायलाच? एवढ्या बघण्यात लोकांची लग्नं जमतात."

विघ्नेश कपाटात डोकं घालून काहीतरी शोधायला लागला. त्याचे कान मात्र मला दिसत होते.

गणपती गेले आणि त्याने सांगितलं. बंगळुरूला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती. वस्तूंचे फोटो काढायचे, पगार भरपूर, लग्नांसारखं हंगामावर अवलंबून राहायचं नाही. दिवाळी झाली की जायचं. सांगून झाल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

"तू काय म्हणतेस?"

"अभिनंदन म्हणते," मी म्हणाले. "अजून काय म्हणू?"

मी म्हणजे श्रीपत मास्तरांची मुलगी. रडायचं नाही, हे अंगात भिनलेलं. तो कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग तुझा कॅमेरा घेऊन टाकू."

दसऱ्याला घेतला. ज्या कामाला आम्ही वर्ष लावलं होतं, ते अर्ध्या तासात उरकलं. अंकलनी साधा कॅमेरा, साधी लेन्स, तिकाटणं बांधून दिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि नेहमीची थट्टा काही केली नाही. परतताना रिक्षात आम्ही दोघं दोन टोकांना बसलो, मध्ये खोका. मला वाटत होतं त्याने बोलावं. त्यालाही तेच वाटत असणार. नायगाव आलं, तो उतरला, आणि 'फोटो चांगले काढ' एवढंच म्हणाला. घरी जाऊन मी कॅमेरा कपाटात ठेवला. इतका हवा असलेला कॅमेरा, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

मी मनाला समजावलं. काढायचं आणि पुसायचं, हेच आपलं काम. हेही एक रंगलेलं होतं, पुसून टाकू. पण माणूस म्हणजे रांगोळी नव्हे. रोज सकाळी उठलं की तो होताच, जिथल्या तिथे, आणि माझा हात काही उचलत नव्हता.

त्या दिवाळीला मी वर्गात रांगोळीला बसले, तेव्हा काय काढायचं हे कुणालाच सांगितलं नाही. चार दिवस लागले. एक तरुण माणूस काढला, ओल्या शर्टातला, दोन्ही हातांनी कॅमेरा डोळ्याला लावलेला. कॅमेऱ्यामागे चेहरा झाकलेला. बोटं मात्र मी एकेक नीट काढली, नखांसकट. उद्घाटनाला लोक म्हणाले, वा, कॅमेरा काय हुबेहूब आलाय. आई आली, दोरीबाहेर बराच वेळ उभी राहिली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "चेहरा नाय तं काय झालं? कोन हाय तो, मना कललं." आणि लाडूचा डबा माझ्या हातात देऊन निघून गेली. रागावली नव्हती, एवढं मला कळलं.

विघ्नेश घरच्यांबरोबर लांज्याला गेला होता. रोज मी दाराकडे बघायचे. शेवटच्या संध्याकाळी बाकीच्यांनी आपापल्या रांगोळ्या पुसल्या, बादल्या उचलल्या, वर्ग रिकामे झाले. मी ओला फडका हातात घेऊन बसले होते. तेवढ्यात तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला निघायचं होतं.

तो दोरीजवळ थांबला. बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला, की मला वाटलं आपण फारच चुकलो... गावभर दाखवायची काय गरज होती?

"हा मी आहे?"

"तुला काय वाटतं?"

"मग चेहरा का नाही काढलास?"

माझ्याजवळ दहा उत्तरं होती. चेहरा जमला नसता, लोक बोलले असते, कॅमेराच काढायचा होता. पण उद्या हा नसणार होता, आणि मला एकाएकी खोटं बोलायचा कंटाळा आला.

"काढलेलं पुसावं लागतं," मी म्हणाले. "नियम आहे आमचा. आणि तुझा चेहरा मला पुसायचा नव्हता."

बाहेर कुणीतरी भुईनळा लावला होता. त्याचा उजेड भिंतीवर आला आणि गेला. विघ्नेशने चपला काढल्या, दोरी उचलली आणि आत आला. या खेपेला सांभाळून, कडेकडेने, माझ्यापाशी येऊन फरशीवर बसला.

"मला पडवीतच कळलं होतं, तुला कुठला कॅमेरा हवाय ते," तो म्हणाला.

"मलापण."

"मग वर्षभर काय करत होतो आपण?"

"तू बोलायची मी वाट बघत होते. तू काय करत होतास?"

"मी घाबरत होतो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी तू मला श्वास बाहेर जाऊन घ्यायला लावलास."

मी हसले, आणि हसता हसता रडले. बाबांचा नियम मोडला, पण मला नाही वाटत ते रागावले असते. तो म्हणाला, मला तू आवडतेस, संजना, खूप आधीपासून आवडतेस, जातोय पण परत येणार आहे, थांबशील का? मी म्हणाले, वर्षभर एक कॅमेरा घ्यायला थांबले, तुझ्यासाठी नाही थांबणार?

मग आम्ही दोघांनी मिळून रांगोळीतला तो पुसला. विघ्नेश शर्टाच्या बाजूने, मी हातांच्या बाजूने.

तो बंगळुरूला गेला. दोन दिवाळ्यांनी परत आला आणि माणिकपूरला त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. आमच्या लग्नाचे फोटो कुणी काढायचे यावरून वॉल्टर अंकलशी त्याचं भांडण झालं, ती वेगळीच गोष्ट. माझा तो साधा कॅमेरा अजून चालतो. तेव्हापासूनच्या माझ्या सगळ्या रांगोळ्या त्यात आल्या आहेत, एकही निळी पडलेली नाही. फक्त त्या वर्षीची नाही. पुसायच्या आधी फोटो काढायचा म्हणून कपाटातून आणलेला कॅमेरा तिकाटण्यावर चढवून वर्गाच्या कोपऱ्यात तयार उभा होता, विघ्नेशच्या गळ्यात त्याचा होता, आणि दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

विघ्नेश अजून हळहळतो. एवढी चांगली रांगोळी, म्हणतो, आणि फोटो नाही. मला नाही हळहळ वाटत. मी त्याला पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे ठेवून बसलेला बघितलं होतं, कोपरापर्यंत रंगाने माखलेला, आणि त्यातला एक हात माझ्या हातात होता.