जोतीरामतात्यांचा फोटो

दुपारचे सव्वादोन. शेळगाव, तालुका इंदापूर. स्टँडजवळचा फोटो स्टुडिओ. आत दोन बायका आणि एक कॉम्प्युटर. वीज गेलेली, पंखा बंद, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

स्टुडिओ मुनिराचा. गावात कुणी गेलं की घरची माणसं तिच्याकडे यायची. कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून ती गेलेल्या माणसाचा चेहरा कापून काढायची, अंगात चांगला सदरा चढवायची, मागे निळं आभाळ टाकायची आणि तेराव्याला तो फोटो हार घालून पाटावर बसायचा. अख्ख्या गावाची लग्नं तिच्या एका जुन्या हार्ड डिस्कमध्ये होती. आणि ती डिस्क कालपासून टकटक करू लागली होती.

समोर प्रयागबाई बसली होती. तिच्या नवऱ्याचा, जोतीरामतात्यांचा, उद्या तेरावा. फोटोला मोबाईल निघाला की तात्या तोंडावर टॉवेल घ्यायचे. फक्त पुतणी राजनंदिनीच्या लग्नात, आठ वर्षांपूर्वी, ते मुकाट्याने रांगेत उभे राहिले होते.

"आधार कार्डावरचा हाय की, काकी."

"त्यात चोरीत धरल्यावाणी दिसत्यात. भिंतीला लावला तर मला रोज पोलीस आठवतील."

बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सौरभने फोनवरच निकाल दिला होता. "ताई, मयत झाली ती डिस्क. नवी घ्या."

"हात तरी लावलास का तिला? तुला पुरायची घाई."

ना पाहिली, ना जोडली, निकाल मात्र तयार. असे निकाल देणारे तालुक्यात कमी नाहीत, आणि लोक ते ऐकून घरी जातात. मुनिरा गेली नाही. अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची, क्लोन करायची, एवढी एकच वाट होती. पण कोणत्या सॉफ्टवेअरने? डिस्कमध्ये जोर एखाद्या फेरीपुरताच उरलेला. निवड चुकली की तात्या कायमचे गेले.

तिने मोबाईलवर एकेकाची माहिती काढली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लावला: खराब जागा आली की हे काय करतं? सौरभचं आवडतं सॉफ्टवेअर तिथेच डोकं आपटत बसायचं. शिवाय वर मोठ्या अक्षरात 'फुकट' आणि खाली बारीक अक्षरात, कॉपी फुकट, पण त्या कॉपीतून फोटो परत काढायचे पैसे. निव्वळ लुबाडणूक. दुसरं रंगीत, देखणं, पण अडचण आली की काम टाकून पळणारं. तिसऱ्याला रूपच नव्हतं. पेनड्राइव्हवरून चालायचं, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. पण ते खराब जागा ओलांडून पुढे जायचं, चांगलं ते आधी वाचवायचं आणि मग मागे वळून राहिलेलं उचलायचं. तिने तेच लावलं.

सगळं उतरलं. एक छोटासा तुकडा तेवढा राहिला, नेमका राजनंदिनीच्या लग्नाचा. सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा तिथेच वळत होतं आणि डिस्क वाजत होती... टक् टक्. थांबून पुन्हा टक् टक्.

प्रयागबाईने पदर सावरला. "मुनिरा, हा ह्यांचा आडकित्ता हाय."

"डिस्क वाजतीय, काकी."

"चाळीस वर्सं ऐकलाय मी. दोनदा कातरायचं, मग वाईच थांबायचं..."

मुनिराने कान दिला. टक् टक्. शांतता. टक् टक्. बंद खोलीत वास येऊ लागला. ताज्या कातरलेल्या सुपारीचा, त्यात ओल्या चुन्याचा.

"काकी... तुमच्याकडं सुपारी हाय का?"

"मला दात कुठंयत, बये."

 प्रयागबाई उठली, डिस्कजवळ वाकली आणि हलक्या आवाजात बोलली. "मालक, सोडा आता. एकडाव तोंड दावा. पुन्हा न्हाय म्हनायची."

आवाज थांबला. पडद्यावरची शेवटची ओळ हलली. राहिलेला तुकडा उतरला, सगळा. पाठोपाठ जुनी डिस्क एकदा फिरली आणि कायमची बंद पडली.

मुनिराने नव्या डिस्कवरून राजनंदिनीच्या लग्नाचा फोटो उघडला. रांगेत तात्या, नजर थेट समोर.

"असंच हुतं," प्रयागबाई म्हणाली. "हुबेहूब." मग ती रडली, आणि रडता रडता हसली.

मुनिराने लगेच बारामतीला फोन लावला. "सौरभ, तुझी मयत उठून बसली."

 त्याने हळूच सॉफ्टवेअरचं नाव विचारलं. तिने ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, चुकू नये म्हणून.

तेराव्याला पाटावर तात्या असे बसले की भावकी जेवण सोडून बघायला आली. त्याच आठवड्यात मुनिराने गावातल्या सगळ्या लग्नांची आणखी एक प्रत काढून बारामतीजवळ जळोचीला बहिणीच्या घरी ठेवली. आता कुणाच्या निकालाने तिचं गाव पुसलं जाणार नव्हतं.

राजनंदिनी मात्र तात्यांच्या फोटोपुढून हलेना. तिने सासरहून लग्नाचा छापील अल्बम मागवला. फोटो तोच, रांग तीच, कडेच्या पोराचा अर्धवट वर गेलेला हातही तोच. पण अल्बममधल्या तात्यांना चष्मा नाही. तो त्यांना गेल्या वर्षी लागला. मुनिराने फोटोला चष्मा चढवला नव्हता. नव्या डिस्कवरच्या मूळ फोटोतच तो आहे, आणि डाव्या काडीला काळा दोरा आहे. काडी मोडली तेव्हा प्रयागबाईनेच तो बांधला होता, आणि चितेवर तो चष्मा ठेवलाही तिनेच.