तळहातावरची तरी

बडोद्याच्या कमाटीबागेत फेऱ्या मारून येतो असं सांगून घराबाहेर पडलेल्या माणसाची स्कूटर मांडवीजवळच्या गल्लीत, तीही ‘मानसिंगराव सेव-उसळ’च्या ऐन दारात उभी असेल, तर त्या माणसाच्या मुलीने काय समजायचं?

ओवीने जे समजायचं ते समजून घेतलं. आली होती ती शाळेतल्या मुलांसाठी रंगीत कागद घ्यायला. पण कागद राहिले बाजूला. तिने छत्री मिटली, दुपट्टा खोचला आणि पायरी चढली. ओवी शाळेत चित्रकला शिकवायची, स्वभावाने गोड होती, पण रागावली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. आत्ता तो टोमॅटोसारखा झाला होता.

कोपऱ्यातल्या टेबलावर तिचे बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले विश्वंभरराव, पाव तरीत बुडवून तोंडाकडे नेत होते.

“बाबा.”

पाव वाटेतच थांबला. “अगं ओवी... तू इकडे कुठे?”

“हे मी विचारायचं.” तिने वळून हाक मारली, “मालक कोण आहे इथे?”

“बोला बेन,” म्हणत मोठ्या पातेल्यामागून एक उंच, काटकुळा तरुण पुढे आला. हातात पळी, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत ते हसू, ज्याच्यामुळे भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत होते. हा अनय. मानसिंगरावांचा नातू.

“हे तुमचं रोजचं गिऱ्हाईक का?”

“छे, रोजचं कुठलं. रविवारी येतात.” तो जरा थांबला. “बुधवारी पण... आणि शुक्रवारी.”

“फितूर,” विश्वंभरराव पावाच्या आडून पुटपुटले.

“यांच्या रक्तात चरबी किती आहे माहितीये तुम्हाला?”

“चरबी? अंगावर तर काही दिसत नाही.”

“तिथेच तर सगळे फसतात.” ओवीने बशीकडे बोट केलं. उसळीवर लालभडक तेल तरंगत होतं. “ही तरी कशी वर आलीये बघा. यांचं रक्त नळीत ठेवलं ना, तर दुधासारखं पांढुरकं दिसतं. डॉक्टरांनी मला दाखवलं. ट्रायग्लिसराइड साडेसहाशे. हृदयाला धोका, वर स्वादुपिंड सुजेल ते वेगळंच. आणि हे इथे बसून पाव बुडवतायत.”

अनयने बशीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघितलं. पावसाने भिजलेली एक बट तिच्या गालाला चिकटली होती, आणि ते लाल नाक... त्याच्या हातातली पळी तशीच राहिली.

“बरं,” तो हळूच म्हणाला, “आजपासून काकांची तरी बंद. पण त्यांचं येणं बंद करू नका.”

“का म्हणून?”

“ते आले नाहीत तर तुम्ही भांडायला कशाला याल?”

गल्ल्यावर बसलेली त्याची आई, स्नेहलताबाई, पदराआड हसली. ओवी फणकाऱ्याने बाहेर पडली आणि चौकात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, छत्री आतच राहिलीय. आता बोला.

पुढच्या रविवारी ती गेली. छत्री आणायला हो, दुसरं काही नाही. तर बाबांपुढे वेगळीच बशी. मोड आलेली मटकी, वर भरपूर कांदापात, लिंबू, शेव नावाला आणि पावाऐवजी स्नेहलताबाईंनी भाजलेली ज्वारीची भाकरी.

“ही उसळ नाही, शिक्षा आहे,” विश्वंभरराव म्हणाले, आणि त्यांनी परत थोडी मागितली.

मग ओवी दर रविवारी येऊ लागली. देखरेखीला. देखरेख बाबांवर कमी आणि पळी धरलेल्या हातावर जास्त, हे बाबांना कळत होतं, पण मटकीच्या पोटी त्यांनी तोंड बंद ठेवलं. “बोला बेन”चं ओवीबेन झालं आणि एका रविवारी नुसतंच... ओवी. बडोद्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीच्या नावाला बेन लागतं, त्याचं काही वाटत नाही. पण ज्या दिवशी ते नावामागून गळून पडतं, त्या दिवशी मुलगी घरी जाऊन आरशात बघते. ओवीनेही बघितलं. दोनदा.

बाबांचा आकडा गोळ्या, चालणं आणि मटकी यांनी मिळून तीनशेच्या खाली आणला. पेढ्यांनी सगळं मुसळ केरात गेलं असतं, म्हणून ओवीने दुकानात पेरू वाटले.

“आता तुझं कधी?” तिने अनयच्या हातावर पेरू ठेवत विचारलं.

“माझं काय?”

“तपासणी.”

“मला काय झालंय? हा काडीपैलवान देह बघ.”

स्नेहलताबाई गल्ल्यावरूनच म्हणाल्या, “याचे वडीलही असेच होते ग. सुकडे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इथेच, या पातेल्यापाशी छातीत कळ आली आणि...” त्यांनी सुट्टे पैसे उगाचच पुन्हा लावायला घेतले.

अनयचं हसू मावळलं. हातातला पेरू तो उगाचच बाहीला पुसत राहिला, आणि ओवीच्या लक्षात आलं. म्हणजे टाळत होता तो. माहिती होतं म्हणूनच टाळत होता.

“अनय,” ती खाली आवाजात म्हणाली, “तू गरबा कधी खेळलायस?”

“नवरात्रात? आख्खं बडोदं खेळून दमतं आणि भूक लागली की माझ्याकडे येतं. मी इथून नुसत्या टाळ्या ऐकतो.”

“तू तपासणी कर. मी तुला गरबा शिकवते.”

मागे उसळ रटरटत होती. “करतो,” तो म्हणाला. “आणि रिपोर्ट आला ना, की मला तुला... एक विचारायचंय.”

“काय?”

“तेव्हा विचारीन.”

त्या संध्याकाळी ओवीने आमटीत दोनदा मीठ घातलं. काय विचारणार हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

रविवार आला. ओवी मोरपंखी कुर्ता घालून, कानात झुमके अडकवून दुकानात गेली. अनयने वर बघितलं, पटकन मान खाली घातली आणि म्हणाला, “बोला ओवीबेन.”

बेन! तिच्या कानात ते गरम तेलासारखं पडलं. तिने काही विचारलं तर हो, नाही, बघतो. पुढच्या रविवारी तर तो समोरच आला नाही. नंदेसरीच्या एका कारखान्यात नाश्त्याची ऑर्डर पोचवायला गेलाय म्हणे. ओवीला रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा राग जास्त येत होता. एखाद्याला नको असेल तर नको म्हणावं ना सरळ. हे बेन-बेन काय लावलंय?

सोमवारी शाळेच्या आधी, जेमतेम उजाडलं असताना, ती दुकानाच्या मागच्या दाराने थेट भटारखान्यात शिरली. पातेल्यावर वाफ होती, वाफेमागे अनय. बाजूला स्नेहलताबाई कांदापात चिरत होत्या.

“रिपोर्ट आला का?” ओवीने विचारलं.

“आला.”

“मग?”

“चारशे ऐंशी.” त्याने पळीने तरी ढवळली. “ट्रायग्लिसराइड. तुझ्या बाबांचं वय तरी झालंय, ओवी. मी एकोणतीस वर्षांचा. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. आईने हा गल्ला कसा सांभाळलाय ते मी पाहिलंय.” बोलता बोलता त्याने पळीतली थोडी तरी डाव्या तळहातावर ओतली, चाटली, चिमूटभर मीठ पातेल्यात टाकलं. “ते मी जाणूनबुजून तुझ्या नशिबी आणू? माझ्याच्याने नाही व्हायचं. तू चांगलं स्थळ बघ.”

ओवीचे डोळे भरून आले होते. म्हणजे नको नव्हतीच ती त्याला. हवी होती म्हणून हा वेडा लांब पळत होता. तिने डोळे पुसले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि त्याने पुन्हा पळी तळहातावर तिरकी केली. चाटली. मान डोलावली.

“हे काय करतोयस?”

“कुठे काय?”

“आत्ता. हातावर घेऊन.”

“चव बघतोय. तरीची चव चमच्याने नसते बघायची, आजोबा म्हणायचे, तळहातावर घेतली की...”

“रोज बघतोस?”

“हे काय विचारणं झालं? रोज पाच-सहा वेळा तरी लागतंच. मीठ, तिखट, मसाला...”

“तपासणीच्या दिवशी?”

“त्या दिवशी कडक उपाशी होतो. रात्री आठपासून पाण्याचा थेंब नाही घेतला. पहाटे उसळ चढवली आणि तसाच रक्त द्यायला...” तो बोलायचा थांबला. त्याने पळीकडे बघितलं. मग तळहाताकडे. तिथे अजून लाल तेल चकाकत होतं.

“पाणी चालतं रे,” ओवी म्हणाली. “तेल चालत नाही.”

स्नेहलताबाईंची सुरी थांबली. “अरे देवा,” त्या म्हणाल्या, “पाणी सोडलं आणि तरी प्यायला.” आणि त्या अशा हसत सुटल्या की कांद्यामुळे आलेलं पाणी कुठलं आणि हसण्याचं कुठलं ते कळेना. ओवीही हसली, हसता हसता रडली, आणि अनय मधोमध पळी धरून, चोरी पकडली गेल्यासारखा उभा राहिला.

“याचा अर्थ तुला काही नाही असं नाही,” ओवीने दम दिला. “वडिलांचं असं झालंय तर जपायला हवंच. पण आधी आकडा तर खरा कळू दे. पुन्हा तपासणी. परवा.”

“हात ऐकणार नाही ग. मला कळतसुद्धा नाही कधी चाटतो ते.”

“हाताचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मेंदीचा कोन घेऊन आली. नवरात्र तोंडावर आलं होतं, सगळ्या बाजारात मेंदीचा वास. तिने अनयला बाकावर बसवलं, त्याचा डावा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि जिथे तरी पडायची नेमक्या त्या जागी गोल काढला. गोलाभोवती पाकळ्या. अनय श्वास रोखून बघत होता, मेंदीकडे नाही.

“हलू नकोस.”

“मी कुठे हलतोय? हृदय हलतंय, त्याला सांग.”

“त्याचंच तर चाललंय सगळं,” ओवी पुटपुटली, आणि तिच्या एका पाकळीची रेघ वाकडी गेली.

सकाळी ती पातेल्यापाशी हजर. सवयीने अनयची पळी डाव्या हाताकडे वळली, मेंदी दिसली, पळी थबकली. ओवीने आपला तळहात पुढे केला. त्याने थेंबभर तरी तिच्या हातावर ओतली, फुंकर घालून. तिने चाखली.

“मीठ कमी आहे.”

“तुला दोनदा घालायची सवय आहे म्हणून,” तो म्हणाला. हे बाबांनी सांगितलेलं दिसत होतं. बघते आज त्यांच्याकडे, ओवी मनात म्हणाली.

लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या बाईंनी अनयची बाही वर केली, हात उलटा केला आणि हसून गुजरातीत विचारलं, “अरे वाह भाई, लगन छे?” लग्न आहे का, म्हणजे.

अनयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो बाईंकडे नाही, ओवीकडे वळला. “छे?” त्याने विचारलं. मग घाईघाईने, “नाही, म्हणजे... आत्ता उत्तर नको. रिपोर्ट येऊ दे. आकडा बघून मग तू...”

“आकडा बघून हो म्हणणारी हवी असेल तर दुसरी शोध.” ओवी एका दमात बोलत सुटली. “मला तू हवायस, अनय. दोनशे असो नाहीतर पाचशे. जास्त निघाला तर औषध घेऊ, चालायला जाऊ, रोज भांडू. पण पुन्हा मला बेन म्हणालास ना, तर बघ.”

“हां, छे,” अनय बाईंना म्हणाला. सुई कधी गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही.

रिपोर्ट आला तो दोनशे चाळीसचा. चारशे ऐंशी नव्हे, पण सुटकाही नव्हे. डॉक्टरांनी वडिलांची हकीकत नीट ऐकली आणि सांगितलं, तळलेलं, गोड, मैदा कमी करा, रोज घाम येईपर्यंत हालचाल करा, तीन महिन्यांनी पुन्हा या, तेव्हा गोळ्यांचं ठरवू. हे टाळण्यातलं नाही. अनय म्हणाला, टाळणार नाही. आणि ते त्याने ओवीचा हात धरून सांगितलं, म्हणून डॉक्टरांचा विश्वास बसला.

नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी अनय दुकान कारागिरांवर सोपवून मैदानात उतरला. पाय उजवीकडे जायचे तेव्हा तो डावीकडे जात होता, टाळी सगळ्यांच्या नंतर पडत होती, दोन काकू त्याच्यावर आपटल्या. तरी तो थांबेना. घामाने निथळत, धापा टाकत, समोर फिरणाऱ्या ओवीकडे बघत तो सुटला होता. मेंदीचा रंग उतरून केशरी झाला होता.

त्या वेळी दुकानात विश्वंभरराव मोकळं मैदान बघून स्नेहलताबाईंना म्हणत होते, “विहीणबाई, आता तर आपण घरचेच झालो. पोरं नाहीत तोवर... थोडी तरी?”

स्नेहलताबाईंनी त्यांच्यापुढे मटकीची बशी ठेवली आणि भाकरी आणायला आत गेल्या.