डाव्या दंडावरचा दाब

टेबलावरचा दिवा जरा इकडे कर आणि बस. तू आयसीयूत नवी आहेस. पाच नंबरच्या खाटेबद्दल आज ना उद्या कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

साखर मोजायचे सेन्सर आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. कोटाच्या बटणाएवढं ते प्रकरण. दंडावर चिकटवायचं, केसासारखी तार कातडीखाली जाते आणि दर थोड्या मिनिटांनी साखरेचा आकडा आपसूक स्क्रीनवर येतो. त्याआधी आम्ही तासातासाला बोट टोचायचो. बेशुद्ध माणूस दुखलं म्हणून सांगत नाही, पण बोटांची पार चाळण होते. आठवडाभरात मी त्या बटणाची भक्त झाले. साखर किती आहे एवढंच नव्हे, ती कुठल्या दिशेला निघाली आहे तेही ते सांगतं. डोळ्यांत तेल घालून बसणारी सिस्टरसुद्धा कधीतरी पाणी प्यायला उठते, ते उठत नाही. खोड एकच. दंड कशाखाली दाबला गेला की आकडा खोटाच कोसळतो आणि दाब निघाला की पुन्हा वर येतो.

पाच नंबरला एक मावशी होत्या. जन्मभर कपडे शिवलेल्या. साखरेनं आधी त्यांची नजर नेली, आणि आता पायाच्या जखमेतलं विष अंगभर पसरलं होतं. व्हेंटिलेटरवर होत्या, शुद्ध नव्हती. शिरेतून इन्सुलिन, नाकातल्या नळीतून अन्न. बाहेर बाकावर त्यांची एकुलती एक लेक बसलेली असायची. "सिस्टर, बाबा गेल्यावर मला हीच आहे," एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली आणि मग नुसती दाराकडे बघत राहिली.

सेन्सर मावशींच्या डाव्या दंडावर लावला. भर दुपारी अलार्म वाजला. साठ. मी धावत जाऊन बोट टोचलं, तर दीडशे.

"अंगाखाली हात गेला असेल," डॉक्टर म्हणाले.

गेला नव्हता. मावशी उताण्या होत्या, हात उशीवर मोकळा. मी बघत असतानाच आकडा वर चढला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी उशी काढली, चादर सैल केली, शेवटी सेन्सरही बदलला. नव्यानं तेच रडगाणं लावलं. खाटेपाशी वाकलं की स्पिरिटच्या वासातून दुसराच एक वास यायचा. शिवणयंत्राच्या तेलाचा.

मी बाहेर जाऊन लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आईला दिसत नाही, मग हाताला धरून कोण न्यायचं?"

"बाबा. डाव्या दंडाला धरून. मशीनला तेलपाणी करायचं कामही त्यांचंच. तेच तेलकट हात घेऊन आईला बाहेर न्यायचे, आणि रस्त्यात इतकं घट्ट धरायचे की आई चिडायची. म्हणायची, अहो, मी काय पळून जातेय..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ड्यूटी ती ड्यूटी. पुन्हा अलार्म वाजला तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी खाटेशी वाकले आणि हळूच म्हटलं, "काका... जरा हात सैल करा. यंत्राला कळत नाही, आमची धावपळ होते."

आकडा वर चढला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकदाही पडला नाही. मला हसू आलं. मेल्यावरही बायकोचा दंड न सोडणारा नवरा, आणि वर सांगितलेलं ऐकणारा! जिवंतपणी असे किती सापडतात, तूच सांग. मला तर त्या माणसाबद्दल आदरच वाटला.

दुसऱ्या दिवशी मावशींना स्कॅनला नेलं. नेताना इन्सुलिनही थांबवतात आणि नळीतलं अन्नही. परत आणल्यावर इन्सुलिन सुरू झालं, अन्न सुरू करायचं राहून गेलं. ही चूक आमच्या कामात दबा धरून बसलेली असते, आणि त्या दिवशी ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

अलार्म वाजला. आकडा सपकन खाली.

"कालचंच नाटक," डॉक्टर म्हणाले. "बंद करा तो अलार्म, सिस्टर."

मी हात पुढे केलाही होता. पण मनात आलं, ज्या माणसानं काल माझा शब्द पाळला, तो आज उगाच दाबणार नाही. मी बोट टोचलं.

अडतीस. यावेळी खरंच.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. इन्सुलिन बंद केलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. थोडा वेळ तसाच गेला असता तर मावशींचा मेंदू कायमचा गेला असता, कदाचित जीवही. आणि गंमत बघ, ग्लुकोज द्यायच्या आधीच दंडावरचा दाब निघाला, तेव्हा स्क्रीनवर नव्वद दिसत होते. सेन्सर रक्ताच्या थोडा मागून चालतो, त्याला बिचाऱ्याला अजून काही कळलंच नव्हतं. काकांनी त्याची घंटा करून मला बोलावून घेतलं होतं. यंत्राला आणि त्या माणसाला, दोघांनाही मी मनातल्या मनात हात जोडले.

पुढे मावशी शुद्धीवर आल्या, घशातली नळी निघाली. एका सकाळी मी त्यांचं अंग पुसलं, नवा झगा घातला आणि म्हटलं, "मावशी, काकांनी तुम्हाला सोडलं नाही हं."

त्या हसल्या. घसा बसलेला होता. "मला कळत होतं... ते धरून होते, म्हणून तर..."

मग त्यांनी न दिसणारे डोळे उजवीकडे वळवले आणि आवाज अगदी खाली आणला.

"सिस्टर... या बाजूनं जो ओढत होता... तो गेला का?"

मी उजवी बाही वर केली. त्या दंडाला आम्ही कधी सेन्सर लावलाच नव्हता. आत्ताच अंग पुसताना तिथे काहीही नव्हतं. आता काळीनिळी चार बोटं उठली होती, आणि पाचवं माझ्या डोळ्यांदेखत उठत होतं.

तिकडे टेबलावर डाव्या दंडावरच्या सेन्सरचा अलार्म वाजायला लागला.

यावेळी मी बोट टोचायला गेले नाही. पुढे झाले आणि मावशींचा डावा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझ्या बोटांखाली आधीच कुणाची तरी बोटं होती.