टेबलाचा चौथा कोपरा

त्यागाला आवाज नसतो, त्यागाला साक्षीदार नसतो, आणि खरा त्यागी जीव आपली व्यथा काळजाच्या तळघरात कुलूपबंद करून ओठांवर मंद स्मित घेऊन आयुष्य कंठत असतो... असं ताईचं मत होतं. प्रत्यक्षात तिच्या त्यागाला आवाज होता. दर जेवणाला तो 'खळ्ळ' असा यायचा, कारण टेबलाच्या तिच्या कोपऱ्याला टेबलक्लॉथखाली फटी होत्या, कापड तिथे खचायचं आणि तिचा चमचा घसरून खाली पडायचा.

आजही पडला. पण आज समोर धाकटी बसली होती, आणि या टेबलाशी धाकटी बसून जेवली त्याला वीसेक वर्षं झाली होती. बाबा गेले तेव्हा आली होती ती उभ्या उभ्या, पाहुण्यासारखी. आज आली होती ती आईला न्यायला. कायमची.

“माझ्याकडे लिफ्ट आहे,” धाकटी आपल्या वाटीकडे बघत म्हणाली. “या वयात तिला हे जिने नकोत. तुझी हरकत नसेल तर संध्याकाळच्या गाडीनं निघतो आम्ही.”

“माझी कसली हरकत,” ताई म्हणाली.

हरकत नसणं हा ताईचा जन्मभराचा व्यवसाय होता. पण मनात हरकतींची रांग लागली होती. आई गेली की या घरात उरणार कोण, आणि आई इथे नसल्यावर धाकटी या दारात पुन्हा पाऊल तरी कशाला टाकेल... तोंडभर बोलायचं होतं, आणि ती नुसती टेबलाखाली वाकून चमचा शोधत राहिली. टेबलाच्या पलीकडे, मोकळ्या फरशीवर, तो काळपट गोल अजून होता. घासून घासून बोटभर खोल गेलेला.

ताईच्या डोळ्यांसमोर सगळं स्वयंपाकघरच मागे फिरलं.

बाबा सुतार होते. सुताराच्या घरात लाकूड असतं हा लोकांचा गैरसमज आहे. सुताराच्या घरात लोकांचं लाकूड असतं. त्यामुळे दोन्ही मुलींनी जेव्हा बर्फावर गिरक्या घ्यायचं मनावर घेतलं आणि शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की नुसत्या बर्फावर भागणार नाही, घरी फळीवर फिरा, तेव्हा बाबांनी घरभर नजर टाकली. जुनं, मुरलेलं, जाड लाकूड एकच होतं. एका रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं रेघ मारली.

“ती रेघ पुसून टाका,” आई म्हणाली.

बाबांनी करवत काढली.

त्या कोपऱ्यातून निघाली ती होडी. म्हणजे घरात तिला होडी म्हणायचे. पावलाएवढी लांबट फळी, वरून सपाट, खालून फुगीर. तिच्यावर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायानं जमिनीला रेटा द्यायचा, हात छातीशी ओढून घ्यायचे आणि पाठीचा कणा ताठ ठेवून गरगर फिरायचं, बर्फावर फिरतात तसंच. तोल जरा ढळला की होडी सरळ चुलीच्या दिशेनं निघायची. म्हणून ताई हात पसरून समोर उभी राहायची. तिला 'खांब' म्हणायचे. आई भाजी चिरायची, बाबा दारात बसून रंधा मारल्याचं नाटक करायचे, आणि धाकटी फिरायची... घर्र्र, घर्र्र... ओल्या केसांतलं पाणी उडून शेगडीवर चुर्र वाजायचं. बाबा तिला भिंगरी म्हणायचे. काय दिवस होते ते! घर एवढंसं, आणि त्यात फिरायला जागा केवढी.

स्केटचा जोड मात्र दोघींत एकच होता. ताईचा पाय वाढला तेव्हा तिनं जाहीर केलं की तिला नाहीतरी थंडी सोसत नाही, आणि ती त्याच बर्फाच्या मैदानाच्या खिडकीत लोकांना भाड्याचे बूट द्यायला बसली. थंडी न सोसणाऱ्या मुलीनं बर्फाला लागून नोकरी धरावी यातली गंमत घरात कुणाच्याही लक्षात आली नाही. परक्यांचे दमट मोजे हुंगत ती काचेतून धाकटीच्या गिरक्या बघायची, आणि तिचं ऊर भरून यायचं. थोडं कौतुकानं... थोडं मोज्यांनी.

मग बाबा आजारी पडले. घरात त्याला 'अशक्तपणा' म्हणायचं असं ठरलं. सगळ्यात ऊबदार जागा म्हणून त्यांची खाट स्वयंपाकघरात आली. धाकटीची मोठी स्पर्धा तोंडावर होती, होडी दिवसभर घरघरत होती, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या 'वा' म्हणत होते. बघत का नाही, असं तिनं विचारलं तर म्हणाले, “मी आवाजावरून ओळखतो. कान तयार आहे माझा.”

एके दुपारी आई बाजारात आणि धाकटी शाळेत असताना ताईनं त्यांना खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेलं पाहिलं. चेहरा चुन्यासारखा. कानातला तोलच गेला होता त्यांचा. होडी फिरली की फरशी थरथरायची, फरशी थरथरली की खाट, आणि मग सगळं जग त्यांच्याभोवती...

“तिला सांगू नकोस,” बाबा म्हणाले होते. “आपल्या गिरकीनं बापाला चक्कर येते हे कळलं, तर पोरगी पुन्हा एका पायावर उभी राहायची नाही. शपथ आहे तुला माझी.”

“मग होडी कुठे गेली म्हणून सांगू?”

“काहीही सांग. तू हुशार आहेस.”

ताई हुशार नव्हती. तिनं धाकटीला सांगितलं की होडी मी जाळली. का, म्हणून धाकटी किंचाळली तेव्हा दुसरं काही न सुचून म्हणाली, “जळते मी तुझ्यावर.”

धाकटीचा विश्वास बसेना. तिनं माळा शोधला, कोळशाची खोली शोधली, पिठाच्या डब्यात हात घातला. मग विश्वास बसला. स्पर्धेत ती गिरकीतच पडली, आणि त्यानंतर ज्या गाडीनं गेली ती गेलीच. ताईनं शपथ पाळली. बाबा गेल्यावरही पाळली, कारण शपथेला मुदत घालायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“सापडला का चमचा?” वरून आईचा आवाज आला.

ताई टेबलाखालून वर आली. आई पिशवीत शाल कोंबत होती. हल्ली तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती दुसऱ्याचं न ऐकता स्वतःचंच पुढे नेत असे.

“बरं, भिंगरे,” आई म्हणाली, “जाताना तुझी ती होडी घेऊन जा बाई. आता इथे कुणाला चक्कर यायची राहिलीये?”

धाकटीचा घास हातातच राहिला. “कुठली होडी?”

“किती होड्या होत्या आपल्याकडे?”

“ती ताईनं जाळली.”

“जाळली कशाला? हे काय.” आईनं टेबलक्लॉथचं टोक उचललं. “खाली दोन पट्ट्या बोल्टनं आवळून बसवलीये. खाटेवरून तुझे बाबाच सांगत होते हिला, पाना असा धर, तसा धर. तू फिरायला लागलीस की त्यांना भोवळ यायची ना, भडभडून ओकायचे. पण कोपरा काही नीट बसला नाही. फटी राहिल्या.” मग दोघींचे चेहरे बघून तिनं हात थांबवला. “म्हणजे? हिनं तुला सांगितलं नाही? मला वाटलं, कळल्यावर तू आपणहून फिरणं सोडलंस.”

ताईनं मान खाली घातली. वीस वर्षं जिवापाड जपलेलं रहस्य आईनं शालीच्या घडीत गुंडाळून टाकलं होतं.

धाकटी उठली. टेबलाखाली वाकली, पट्ट्यांचे बोल्ट चाचपले. तिचा आवाज टेबलाखालूनच आला.

“मी सगळं घर पालथं घातलं, ताई. आणि मी... मी हिच्या शेजारी बसून जेवत होते?”

“बाबा म्हणाले, पोरगी सगळीकडे शोधेल, ताटाशेजारी नाही शोधणार.”

“आणि जळते म्हणालीस ते?”

“थोडीशी जळत होतेच,” ताई म्हणाली. “म्हणून तर तुला पटलं.”

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. डोकं टेबलाच्या पायाला टेकून ती लहान मुलीसारखी रडली. “मी फळीवाचून नव्हते पडले गं. गिरकीत नजर शोधायला लावायची नसते, आणि मी शोधत होते. तू नेहमी समोर असायचीस हात पसरून. त्या दिवशी खांबच नव्हता.”

“बाबांजवळ होते मी.”

“हो. आता कळतंय.”

ताई फरशीवर तिच्याशेजारी बसली. दोन प्रौढ बायका टेबलाखाली एकमेकींना बिलगून बसल्या होत्या, आणि चमचा त्यांतल्या एकीला टोचत होता. पण ती हलली नाही. सवयच होती.

“मी मुलींना शिकवते ना,” धाकटी नाक पुसत म्हणाली, “त्यांच्याकडे दुकानातल्या रंगीत प्लॅस्टिकच्या फळ्या आहेत. बिलकूल आवाज नाही. मला वर्षानुवर्षं कळत नव्हतं, काय चुकतंय ते.”

तिनं पाना मागितला. ताईनं तो उलटा धरून दिला. होडी निघाली, खालचं पोट अजून गुळगुळीत होतं. धाकटीनं मोजे काढले, काळपट गोलावर होडी ठेवली आणि एक पाय तिच्यावर टेकवला. ताई न सांगता समोर हात पसरून उभी राहिली.

“पडशील हं. वजन बघ स्वतःचं.”

“खांबानं बोलायचं नसतं.”

घर्र्र...

पहिल्या फेरीला ती चुलीकडे गेली आणि खांबानं तिला अडवलं. दुसऱ्या वेळी हात छातीशी आले, कणा ताठ झाला, आणि पिकू लागलेल्या बटा सुटून तिच्याभोवती फिरू लागल्या... क्षणभर शेगडीवर पाणी चुर्र वाजतंय असं ताईला वाटलं, आणि दाराशी कुणीतरी रंधा मारल्याचं नाटक करतंय असंही. भिंतीकडून 'वा' येईल म्हणून तिनं कान दिला. आलं नाही. तेव्हा तीच म्हणाली, “वा.”

धाकटी धापा टाकत थांबली. संध्याकाळची गाडी एव्हाना सुटली असावी; घड्याळाकडे कुणी पाहिलंच नाही.

“आई,” ती म्हणाली, “मीच राहते इथे थोडे दिवस. मग बघू जिन्यांचं.”

आईला ते ऐकू आलं की नाही कळायला मार्ग नव्हता. ती केव्हाची टेबलाच्या तुटक्या कोपऱ्यापाशी उभी होती, ताईसाठी पुन्हा गरम केलेल्या सूपची वाटी पदरात धरून.

“फिरून झालं असेल तर तेवढी फळी लावा गं,” ती म्हणाली. “वाटीनं हात भाजतोय माझा.”