ओठांची चुगली

सुरतेच्या उधन्यातल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत पंखा होता, पण वारा नव्हता. बाहेर मेट्रोच्या खोदकामाने रस्ता अडवला होता आणि समोरची मुलगी दहा मिनिटं झाली, तोंडावर रुमाल धरून बसली होती. लोटू महाजनला असं घुटमळणं खपत नसे. तीस वर्षं कापडाच्या लूमवर, माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून काढलेला माणूस. धागा तुटला की गाठ मारायची आणि पुढे जायचं, एवढंच त्याला ठाऊक.

“काय ते बोलून टाक ना बेटा,” तो म्हणाला. “रुमालाआड आम्हाला काय दिसणार?”

“दिसू नये म्हणूनच सगळं केलं होतं,” मुलगी म्हणाली आणि तिने रुमाल काढला.

लोटूने निरखून पाहिलं. चारचौघींसारखा चेहरा. त्याच्या काही डोक्यात शिरेना.

सुमन अहिररावच्या मात्र शिरलं. सुरतेतल्या खानदेशी घरांत सोयरीक जुळण्याआधी गुपचूप चौकशी करून देणं हा तिचा धंदा, आणि लोटू त्यात तिचा मदतनीस. माणसाचा चेहरा वाचण्यात तिची हयात गेली होती.

“ओठ भरून घेतलेस,” ती म्हणाली. “छान झालेत. सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.”

“कुणीतरी सांगितलंच ना, मावशी.” पूजा नावाच्या त्या मुलीने मोबाइल पुढे सरकवला. त्यात एका पत्राचा फोटो होता. टाइप केलेलं, बिनसहीचं पत्र होणाऱ्या सासऱ्यांना पोस्टाने गेलं होतं:

‘तुमची होणारी सून तुम्हाला फसवत आहे. १७ तारखेला तिने वेसूच्या दवाखान्यात ओठांत एक एमएल औषध टोचून घेतले. विचार करून पुढचे पाऊल टाका.’

रविवारी साखरपुडा होता. आज बुधवार. सासऱ्यांनी निरोप दिला होता, की हे कुणा जळणाऱ्याचं काम असेल तर तो माणूस समोर आणा. नाहीतर रविवारी हॉलवर येऊ नका.

“मला फक्त नाव हवंय,” पूजा म्हणाली. “नाव मिळालं तर लग्न वाचेल.”

“ठाऊक कुणाला होतं?”

“सुवर्णाला. ती माझ्यासोबत आली होती. बाकी दवाखान्यातले लोक. सुवर्णानेच केलंय हे, मी तिच्याशी बोलणं टाकलंय.”

“गोपालला? तुझ्या नवऱ्या मुलाला?”

“नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं.” उत्तर जरा घाईने आलं.

“दवाखान्याने कागद काही दिला?”

“एक कार्ड. कपाटात आहे, साड्यांच्या खाली.”

मुलगी गेल्यावर लोटू करवादला. “दोन ओठांसाठी आता आपण गावभर पायपीट करायची?”

“लग्नासाठी,” सुमन म्हणाली. “रिक्षा काढा, लोटूभाऊ.”

वेसूच्या दवाखान्यात जाईपर्यंत लोटूचा सदरा भिजून अंगाला चिकटला. तिथली नर्स उज्ज्वला पेशंटबद्दल अवाक्षर काढेना. पूजाने फोनवरून परवानगी दिली तेव्हा कुठे ती बोलली.

“आमच्याकडून बाहेर जाणं शक्य नाही. इथे येणारी प्रत्येक बाई हेच म्हणते, की कुणाला कळता कामा नये. डॉक्टरांचा हात त्यासाठीच नावाजलेला आहे. औषध एक एमएलच्या सिरिंजमध्ये येतं. पहिल्या वेळी डॉक्टर अर्ध्याच्या वर जात नाहीत. दोन आठवडे सूज बसू द्यायची, मग बघायचं. पूजाबेनचे ओठ मुळात रेखीव होते, फक्त पातळ. अर्ध्यात काम झालं. उरलेलं त्यांच्यादेखत टाकून दिलं.”

“आणि कार्ड?”

“खोक्यावरचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवतो, तारीख घालतो. पुढे काही त्रास झाला तर कुठलं औषध ते कळावं म्हणून.”

तिने एक रिकामं खोकं दाखवलं. सगळा मजकूर इंग्रजीत, आणि कोपऱ्यात, तसंच स्टिकरवरही, ठळक ‘1 ml’.

“हीच असणार,” बाहेर पडताच लोटू म्हणाला. “पत्रात एमएल लिहिलंय. ही भाषा दवाखान्याचीच.”

“दवाखान्याची आहे खरी,” सुमन म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. तिची ही सवय लोटूच्या डोक्यात जायची.

सुवर्णा साडीच्या दुकानात पुतळ्याला पदर लावत होती. पूजाचं नाव काढताच तिने टाचणी ठेवून दिली.

“मी शुं काम, कशाला लिहू, काका? तिचा हात धरून बसले होते मी. अर्धं औषध कचऱ्यात गेलं, तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, उरलेलं मला टोचा. सगळे हसले. आणि आता ती माझा फोन उचलत नाही. दहा वर्षांची दोस्ती, काका.” तिचे डोळे भरले. लोटूला पूजाचाच राग आला.

पूजाच्या घरी तिची वहिनी रंजना भेटली. नवरा प्रशांत वापीला नोकरीला, महिन्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळे घरात तिघी बायकाच. वडील कधीच गेले होते. रंजनाची जीभ तिखट होती.

“आमच्या लग्नात हळद लावली की पुरे व्हायचं. हिला सुया लागल्या. मी नाही लिहिलं. पण वाईटही वाटलं नाही मला.” मग लोटूपुढे मोबाइल धरून ती म्हणाली, “भाऊ, हा गॅसवाल्यांचा मेसेज इंग्रजीत आलाय, काय लिहिलंय बघा ना.”

तेवढ्यात पूजाची आई शांताबाई आतून आली. अंगावर हॉस्पिटलातल्या आयाबाईची निळी साडी. अठरा वर्षं तीच नोकरी. तिने दोघांपुढे पाणी ठेवलं. पूजा दारातच उभी होती, पण आईने तिच्याकडे पाहिलं नाही.

“मी काय सांगू, ताई? पोरगी मोठी शे. माले कोनी इचारं नही,” ती म्हणाली आणि ड्यूटीला निघून गेली.

गुरुवारी इच्छापोरच्या कारखान्याच्या फाटकावर गोपालने त्यांना पाऊण तास उन्हात उभं केलं. आला तो घड्याळ बघत.

“मला पत्रातूनच कळलं सगळं. धक्काच बसला. आता बाबा ऐकत नाहीत, मी काय करू? खरं तर एवढं काही नव्हतंच. अर्धी सिरिंज तर होती. पण घरात मोठ्यांपुढे बोलता येत नाही ना.”

“बरोबर आहे,” सुमन गोडपणे म्हणाली. लोटूला तिचा तो गोडवा असह्य झाला. परतीच्या वाटेवर ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा त्याने तोंड सोडलं.

“दोन दिवस गेले. हाती धुपाटणं. वहिनीवर माझा संशय आहे, पण पुरावा नाही. आणि तुम्ही गप्प.”

“पुरावा सगळ्यांनी दिलाय, लोटूभाऊ. आपण मोजायचं विसरलो.”

शनिवारी दुपारी पूजाच्या घरी सगळे जमले. सुवर्णाला सुमननेच बोलावलं होतं. ती पूजापासून लांब, दाराजवळ बसली. शांताबाई भिंतीला टेकून होती.

“पत्रात एक चूक आहे,” सुमनने सुरुवात केली. “लिहिणारा म्हणतो, एक एमएल. पूजाच्या ओठांत गेलं अर्धं. त्या खोलीत जे होते, त्यांना अर्धं ठाऊक होतं. नर्सला ठाऊक, कारण तिच्यासमोर उरलेलं टाकलं. सुवर्णाला ठाऊक, कारण ते तिने स्वतःला मागितलं. यांतल्या कुणी लिहिलं असतं, तर अर्धं लिहिलं असतं.”

पूजाने सुवर्णाकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

“मग एक एमएल कुठे लिहिलेलं असतं? खोक्यावर. आणि त्याच्या स्टिकरवर. म्हणजे लिहिणाऱ्याने सुई पाहिलीच नाही, फक्त कार्ड पाहिलं. तारीखही तिथलीच. आणि कार्ड या घराबाहेर गेलेलं नाही.”

“मी सांगितलं होतं,” लोटू पुटपुटला आणि रंजनाकडे वळला.

“रंजनाला गॅसचा मेसेज वाचून द्यावा लागतो, लोटूभाऊ. तो तुम्हीच वाचलात. इंग्रजी स्टिकरवरून तिला काय उमगणार? प्रशांत तर घरीच नव्हता. आणि आपल्यासारखा माणूस फार तर ‘इंजेक्शन घेतलं’ म्हणेल. औषध एमएलमध्ये सांगतो तो हॉस्पिटलात वावरलेला माणूस. पण ओठांच्या कामात सिरिंज अर्धी टाकून देतात, हे आयाबाईला कुठून ठाऊक असणार?”

लोटूने शांताबाईकडे पाहिलं आणि आपण हे काम का घेतलं, असं त्याला झालं.

“आई?” पूजा म्हणाली.

“साड्या इस्तरीले काढ्यात, तधय सापडनं,” शांताबाई म्हणाली. “एमएल तेवढं वाचता येस माले. शेजारना झेरॉक्सवालाकडथून लिखी लिनं.”

“माझं लग्न मोडायला?”

“लगीन मोडाले नही. त्याले पाहाले.” शांताबाईचा आवाज चढला. “भिंतीआडून ऐकं मी. फोनवर तो तुले म्हने, ओठ पातळ शेत, फोटोमा बरं दिसत नही. अन् तू गई टोचाले. त्या व्हट मना व्हतात, पूजा.” तिने स्वतःच्या ओठांना बोट लावलं. “मना आईना व्हतात. मी म्हटलं, पत्र गेलं तर तो उभा ऱ्हाईसन म्हनी, तिले मीच सांगेल व्हतं. म्हनस का नही, ते पाहाले लिखं मी.”

पूजाचा चेहरा उतरला. “त्याला काही माहीत नव्हतं” हे आपलं खोटं उघडं पडलंय, हे तिला कळलं होतं.

“तो म्हणाला नाही,” सुमन हळूच म्हणाली. “आम्हाला तर सांगितलं, की पत्रातूनच कळलं. पण पत्रात एक होतं आणि त्याच्या तोंडी अर्धी सिरिंज आली. ते त्याला तूच सांगितलं असणार.”

पूजाने होकारार्थी मान हलवली. मग फोन उचलला आणि स्पीकर लावला.

“गोपाल, ओठांचं तूच सुचवलंस, हे बाबांना सांगितलंस?”

“आता तो विषय कशाला? लिहिणाऱ्याचं नाव मिळालं ना? ते दे, बाकी मी बघतो.”

“नाव देते. आधी तू तुझं सांग त्यांना. आजच.”

“मला मध्ये घेऊ नकोस, पूजा. घरात उगीच वाढेल.”

“बरं,” पूजा म्हणाली. “मग उद्या आम्ही कुणी येत नाही, तेवढं सांग.” आणि तिने फोन ठेवला.

सुवर्णा दारापासून उठून तिच्याजवळ येऊन बसली. शांताबाईने पदराने तोंड पुसलं.

“आता त्या परत पहिलासारखा व्हतीन का?” तिने विचारलं.

“सात-आठ महिन्यांत विरून जातं म्हणे. पण आई...” पूजा थांबली. “मला आवडलेत हे. त्याचं सोड. आरशात बघितलं की मला बरं वाटतं.”

आता भडका उडणार, असं वाटून लोटूने चपला शोधायला सुरुवात केली. शांताबाई मात्र उठली. तिने लेकीची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि ड्रेसिंग तपासावं तसं बराच वेळ पाहिलं.

“काम साफ शे,” ती म्हणाली. “पन मना नहीत.”

ती हात काढून घ्यायला लागली, तेव्हा पूजाने तो धरून ठेवला.