अणुघड्याळवाला आणि अँटेनावाली

धूळमुक्त खोलीच्या दारात बुटांवर पिशवी चढवताना माझा तोल गेला आणि मी थेट त्याच्या अंगावर आदळले.

"अहो, जपून!"

टोपी, मास्क, पांढरा झगा... दिसत होते ते फक्त डोळे. तेवढे पुरले.

आमच्याकडे दिशादर्शक उपग्रहाची बांधणी चालू होती. त्याचं सोनेरी आवरण मी शिवत होते. तो आतल्या अणुघड्याळाचा इंजिनिअर. घड्याळ किंचित जरी चुकलं, तरी खाली माणसं रस्ता चुकतात, असं तो सांगायचा.

"नीट चालतंय ना तुमचं घड्याळ?"

"तुम्ही आलात की जरा पुढे पळतं..."

मी सुईच टोचून घेतली.

मग अँटेनावाली आली. उंच, हसरी, त्याच्या कॉलेजातली. "अगं, हे बघ ना," "अगं, चहा घेतेस?" — तिला अगं, आणि मला मात्र अहो! माझा नुसता तिळपापड झाला. घरी भांडी आपटली, तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, कुणाचा राग माझ्या पातेल्यांवर काढताय?"

त्यातच कळलं — उड्डाणानंतर तो आणि ती, दोघंही उपग्रहावर नजर ठेवायला दूरच्या ग्राउंड स्टेशनवर जाणार. दोन वर्षं! मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

"आवरणात काही अडचण आहे का?"

"आवरण ठीक आहे."

"मग?"

"मग काही नाही!"

उड्डाण झालं. उपग्रह रॉकेटपासून सुटला. नियंत्रण कक्षात सगळे पडद्याकडे डोळे लावून पहिल्या सिग्नलची वाट बघत होते, तेवढ्यात अँटेनावाली माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"काल मी त्याला विचारलं," ती हळूच म्हणाली. "नाही म्हणाला. तुझं नाव घेतलं... बोल ना गं त्याच्याशी, वेड्यासारखा झालाय."

आनंदानं मला भरून आलं, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. मी तिचा हात धरला. तिनं तो अलगद सोडवला. "एवढं नको."

सिग्नल आला! टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तिच्यावर जळत होते मी. आवडतोस तू मला."

तो खुर्चीतून उठला. "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला... आणि आता तर मी चाललोय. तिथे शिवायला काहीच नाही गं. माझ्या शर्टाची बटणं सोडून."

"ती तुझी तू शिव. मी सुट्टीत येईन."

"नक्की?"

"अँटेनावाली तिथेच असेल ना?"

"असेल की."

"मग प्रत्येक सुट्टीत येईन!"