खुर्जीतले दोन पांढरे

"अहो, दिवा कोणी घालवला?" मी ओरडलेच.

हातात सुई, डोळ्याला भिंग, समोर दीडशे वर्षांची खुर्जी आणि भर दुपारी दालनात मिट्ट काळोख!

"मी," वरून आवाज आला. "वायर जोडतोय. शॉक बसला तर थेट तुमच्या त्या पिशवीवर पडेन."

"पिशवी नाही, खुर्जी आहे ती! घोड्याच्या पाठीवर टाकतात."

"बरं... मग घोड्यावर पडेन."

मला हसू फुटलं. काळोख होता म्हणून बरं, नाहीतर त्याला दिसलं असतं.

तर अशी आमची ओळख. मी संग्रहालयात जुनी कापडं, गालिचे दुरुस्त करते. तो नव्या प्रदर्शनाचे दिवे लावायला आलेला. सगळे त्याला दिवेवाला म्हणायचे, म्हणून मीही. माझे सहा महिने उमेदवारीचे होते आणि ही मध्य आशियातली तुर्कमेन खुर्जी म्हणजे माझी परीक्षा. तिला रफू करायचं आणि ती कुठल्या टोळीतल्या बाईने विणली, ते शोधून पाटी लिहायची. "पाटी चोख झाली की नोकरी पक्की," संग्रहालयाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले होते. "आणि चुकली तर..." आणि ते चष्मा पुसायला लागले.

मला मुळीच शंका नव्हती. खुर्जीवरचं अष्टकोनी फूल, त्याच्या कडेची ती टोकं... पुस्तकातल्या चित्रासारखं हुबेहूब. सालोर टोळी! मी पाटी लिहिली, सरांनी सही केली, पाटी छापायला गेली. मी आपली हवेत.

बाकीच्या सगळ्या वस्तूंचे दिवे त्याने अर्ध्या दिवसात लावले. माझ्या खुर्जीपाशी मात्र तीन दिवस शिडी मांडून बसला.

"अजून झालं नाही?" मी विचारायची.

"सावली पडतेय."

"कुणाची?"

"तुमची. पण हलू नका... चांगली पडतेय."

काय बोलणार असल्या माणसाशी! मी सुईत दोरा ओवायला घ्यायची आणि दोरा चार-चारदा चुकायचा. घरी फोन केला तर आई म्हणाली, "कोण गं हा?"

"कोण कोण?"

"पाच मिनिटांत तिसऱ्यांदा दिवेवाला म्हणालीस."

मी फोनच ठेवून दिला. आईपुढे कुणाचं काही चालत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या अक्षरातली पाटी भिंतीवर लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. तो शिडीवरून उतरला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

माझ्या छातीत धडधडायला लागलं. "विचारा ना..."

"हे दोन पांढरे वेगळे का आहेत?"

"काय?"

"किनारीतला पांढरा सायीसारखा आहे. फुलातला चुन्यासारखा. दिवा तर एकच आहे."

अस्सा राग आला! "जुनी लोकर आहे ती. पिवळी पडते," मी तुटकपणे म्हटलं.

"मग फुलातली का नाही पडली?"

मी भिंग घेतलं, फुलातले धागे बोटाने बाजूला सारले. पांढरं होतं ते लोकर नव्हतंच. सुती होतं. मग विणीतल्या गाठी पाहिल्या. प्रत्येक गाठ दोन्ही उभ्या धाग्यांना सारखी कवळून बसलेली. सालोर बायका तशी बांधत नाहीत. त्यांची गाठ एकाच धाग्याला पुरता वेढा घालते. ही गाठ आणि हा सुती पांढरा म्हणजे सारिक टोळी. आणि मी? मी रफू केलं होतं मागच्या सपाट विणीला. पुढच्या बाजूला भिंग लावलंच नव्हतं. फूल ओळखीचं दिसलं, मग कशाला लावते!

मी जमिनीवर फतकल मारून बसले. "फूल उसनं घेता येतं हो. सालोरांचा जोर मोडला तेव्हा बाकीच्या टोळ्यांनी त्यांचं फूल उचललं. गाठ मात्र मुलगी आईच्या हाताकडे बघून शिकते, ती नाही बदलत. हे सगळं शिकलेय मी! आणि तरी..."

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर..."

"म्हणी नका सांगू!"

तो हळूच म्हणाला, "उद्या येणाऱ्यांतल्या कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना! जिने ही विणली तिचं नाव कुणालाच माहीत नाही. निदान टोळी तरी तिची तिला मिळू दे. जाते माझी नोकरी तर जाऊ दे."

म्हणायला म्हटलं आणि सरांच्या खोलीकडे निघाले. तो माझ्याबरोबर दारापर्यंत आला. न सांगता. मला त्या क्षणी केवढा आधार वाटला!

सरांनी खुर्जी मागवली. भिंग लावून पाचेक मिनिटं बघत राहिले. मला पाच वर्षं वाटली.

"पाटीवर सही माझी आहे," शेवटी ते म्हणाले. "मीही फूलच बघितलं. आता दोघांची अब्रू वाचवा, संध्याकाळच्या आत नवी पाटी लिहा. आणि सोमवारी येताना कायमच्या नेमणुकीची कागदपत्रं आणा. चुका झाकणारी माणसं आहेत माझ्याकडे पुष्कळ... जा आता, चहा निवतोय."

मी बाहेर आले ती रडत आणि हसत. "तुमचे उपकार मी जन्मात नाही विसरणार," मी त्याला म्हटलं.

त्याने मान खाली घातली. "उपकार कसले... खरं सांगू? मला पहिल्याच दिवशी दिसले होते."

"काय?"

"दोन पांढरे."

"पहिल्या दिवशी? पाटी छापायच्या आधी? आणि तीन दिवस मूग गिळून बसलात?"

"त्यात एवढं काही असेल हे मला काय माहीत! मला वाटलं, तुमच्याशी बोलायला एखादा प्रश्न शिल्लक ठेवावा... शेवटच्या दिवसासाठी. मला त्या खुर्जीतलं दुसरं काय कळतं?"

ह्याला फटका मारावा की मिठी, मला ठरवता येईना. शेवटी दोन्ही न करता मी पाटी लिहायला बसले. सारिक टोळी, लोकर आणि सूत, आणि सगळ्यात खाली एक ओळ आभाराची. त्या ओळीत त्याचं नाव घातलं, आडनावासकट.

ऊन उतरायच्या सुमाराला नवी पाटी लागली. तिच्यावर उजेड नीट पडतोय का बघायला तो शिडीवर चढला, वाकून वाचायला लागला आणि मध्येच थांबला.

"माझं नाव आजवर कुठल्या भिंतीवर लागलं नव्हतं," तो म्हणाला. "लोक वस्तू बघतात आणि जातात. दिवे लावणाऱ्याकडे कोण बघतं?"

"मी बघते," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

तो उतरला. शेवटची पायरी चुकला, आणि... नाही, माझ्या अंगावर पडला वगैरे नाही. भिंतीला धरून उभा राहिला, कानापर्यंत लाल होऊन.

"परत म्हणा ना," तो म्हणाला.

मी अहो-जाहो सोडून दिलं.

"तुझ्याकडे बघते. तीन दिवस झाले, दुसरं काहीच केलं नाही."